मालाचे स्वरूप

चलनावर एक रकाना असतो : मालाचे स्वरूप.
बावीस वर्षं मी तिथं आंबा लिहिला,
सीझन सरला की चिरा,
मधे जे मिळेल ते. कौलं, बर्फ,
एकदा लग्नाच्या तीनशे खुर्च्या.

विजयदुर्गच्या जेटीवर जुबेदा होडेकर उभी होती,
कुशीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
म्हणाली, हा कॅमेरा.
डब्याला सुईएवढं भोक, आत कागद,
सहा महिने खांबाला बांधून ठेवलेला.
फोटोत आभाळभर सूर्याच्या वाटा,
एकीखाली एक, गोधडीच्या टाक्यांसारख्या.
खाली बुरूज, खांब,
आणि समुद्राच्या जागी नुसतं दूध.
माणसं कुठायत? होड्या?
"जे थांबलं ते उमटलं."
रोज पहाटे मी याच जेटीवर मासळी भरतो.
फोटोत माझा टेम्पो शोधत राहिलो.
हिरवा आहे, दुरून दिसतो.

आचऱ्याला सत्यभामा घाडी.
काजूच्या कारखान्यात तीस वर्षं,
टरफलाच्या तेलानं बोटं सोलवटलेली.
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही.
तिनं मोडलेल्या घरांची दारं जमवली
आणि त्याच तेलानं त्यांवर अंगठे रंगवले,
दाराएवढे, रेघ न् रेघ.
जवळून भाताचे कुणगे वाटतात,
लांबून ओहोटीनंतरची वाळू.
"ह्यो कोणाचो?"
"माझोच. आठावलो तसो काढलंय."
सात दारं. सातही वेगळी.
चढवताना हाताला जी खाज सुटली
ती दोन दिवस गेली नाही.

देवबागेत इनास डिसोजा.
ओहोटीला कुर्ल्यांच्या बिळांत प्लास्टर ओततो,
सुकलं की खणून काढतो, धुतो, उलटं उभं करतो.
झाडं होतात. पांढरी, बिनपानांची,
फांद्या वाकड्या, कुठं निघाल्या ते विसरलेल्या.
मी विचारलं, आणि कुर्ल्या?
"रिकामं बीळ बघूनच ओततो."
मग वाळूत पाय फिरवत राहिला.
"बहुतेक रिकामंच."
त्याची झाडं मी पेंढ्यात बसवली,
हापूस बसवतो तशी, एकाला दुसरं न लागू देता.

परुळ्याच्या नाक्यावर हवालदारानं टॉर्च मारला.
"काय आसा रे आत?"
रकाना कोराच होता.
म्हटलं, साहेब, सहा महिन्यांचं ऊन,
एका बाईचा अंगठा, सात दारांत,
आणि कुर्ल्यांची बिळं, वाळू वगळून.
तो हसला नाही. ताडपत्री वर केली.
बराच वेळ उजेड एका दारावर धरला,
मग स्वतःचा अंगठा त्या उजेडात आणून पाहिला,
उलटा, सुलटा.
"लिही," म्हणाला. "फर्निचर."

वेंगुर्ल्याला बर्फाचा बंद कारखाना.
भिंतींत अजून अमोनिया.
इथून मी लाद्या भरायचो, भुशात गुंडाळून,
आणि वाटेत मागून पाणी ठिबकत राहायचं.
माल उतरला की मी निघतो. बिडीलाही थांबत नाही.
त्या रात्री दीड वाजला.
दारं भिंतीला टेकवली, तर जाण्यासारखी दिसू लागली.
झाडांच्या सावल्या पडल्या त्या
परत बिळांसारख्याच.

पाठ वळवली तेवढ्यात जुबेदानं
दुसरा एक डबा माझ्या डॅशबोर्डवर चिकटवला,
रामेश्वराच्या तसबिरीशेजारी, भोक माझ्याकडे.
"सीझनभर चालव. जूनमधे उघडू."
काय येणार यात?
"बाहेरचं काही नाही, ते धावतंय.
आतलं, न हलणारं. कदाचित."

स्टिअरिंग हलतं. हात हलतात.
काचेला टांगलेलं लिंबूसुद्धा गप्प बसत नाही.
आता आंबा भरून फोंडा घाट चढतो,
चलनावर आंबाच लिहितो,
आणि एखाद्या वळणावर
डब्याची आठवण होते तेव्हा
मान जरा
स्थिर धरतो.